लतीफचाचांचा लांबलचक सिनेमा

लतीफचाचांनी आयुष्यात एकच इंग्रजी सिनेमा पाहिला आणि तो त्यांना उभ्या जन्माला पुरला. त्यांना एकट्यालाच नाही, औंढ्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंतच्या निम्म्या गावांना पुरला. हैदराबादेत मेहुण्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दवाखान्याबाहेर उन्हात बसून जीव कंटाळला, म्हणून समोरच्या गार थेटरात ते जाऊन बसले. आत चंद्राभोवती फिरायला गेलेल्या तीन माणसांची गोष्ट चालली होती. चाचांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. बाहेर आले तेव्हा मात्र त्यांच्याजवळ पुढच्या दहा गावांना सांगण्याजोगा ऐवज होता.

चाचा जातीचे पिंजारी, राहायचे औंढ्यात, नागनाथाच्या देवळामागच्या गल्लीत. दिवाळी झाली की खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव निघायचे. ज्यांनी धुनकी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसापेक्षा लांब लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली तात, आणि त्या तातीवर ठोकायला हातात लाकडी ठोकळा. गादीतला दडपून गोळा झालेला कापूस तातीजवळ धरून ठोकला की टंय् टंय् करत तो मोकळा होतो आणि घरभर उडतो. माझी नोकरी तेव्हा साखऱ्याच्या शाळेत होती. जिल्हा अजून परभणीच होता. मी एकटी बाईमाणूस, गावात भाड्याची एक खोली आणि एक गादी, तीही मधोमध खड्डा पडलेली. त्या खड्ड्यामुळं माझी आणि चाचांची ओळख झाली.

"मास्तरीणबाई," गादी चाचपत ते म्हणाले, "हे एका गादीचं काम हाय. एका गादीत धाकटा लई जगत न्हाई, आधीच सांगतो."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. शेजारच्या बायका मात्र कामं टाकून माझ्या दारात येऊन बसल्या. त्यांना माहीत होतं. चाचांच्या सिनेमाची लांबी कापसावर ठरायची. घरात एक गादी असली तर सिनेमा तासाभरात आटपायचा, बाळंतिणीचं घर असलं तर दुपारभर चालायचा आणि लग्नघर असलं तर दोन दिवस. शेवटच्या गादीचा शेवटचा टाका पडला की सिनेमा संपायचा. हा नियम त्यांनी का लावून घेतला होता कोण जाणे, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

गोष्ट साधी होती. तिघं जण यानात बसून चंद्राच्या पाठीमागं जातात आणि तिथं त्यांचं इंजिन बंद पडतं. हवा थोडी उरलेली असते. वरून हुकूम येतो, हलू नका, बोलू नका, दम पुरवून घ्या. मग तिघांतला धाकटा कमरेला दोर बांधून यानाबाहेर जातो आणि इंजिन दुरुस्त करतो. तेवढ्यात दोर तुटतो. थोरला आणि मधला घरी पोचतात. धाकट्याच्या टोपीवरचा दिवा अंधारात लहान लहान होत जातो. बस.

एवढ्याशा गोष्टीचे दोन दिवस कसे व्हायचे, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. चाचांची तिन्ही माणसं अस्सल आपल्याकडचं बोलायची. थोरला इंजिनाकडं बघून म्हणायचा, "काहून रे, हे चालू होऊन न्हाई राहिलं?" मधला म्हणायचा, "तुला निघतानाच म्हणलं व्हतं, मिस्त्रीला एकदा दाखवून घे." जमिनीवर थोरल्याची बायको सासूशी भांडायची, मधल्याची लेक न्हातीधुती व्हायची, धाकट्याची सोयरीक तीन ठिकाणी जुळून मोडायची. कापूस जास्त असला तर सोयरीक चौथ्या ठिकाणीही जुळायची. कापूस उडत असायचा, बायकांच्या केसांवर बसायचा, आणि चाचा ठोकळा थांबवून एखादा पुंजका बोटानं वर ढकलायचे. "बघा, तिथं माणूस असा ऱ्हातो. वजन न्हाई. पाय टेकायला जागाच न्हाई." सगळ्या बायका त्या पुंजक्याकडं बघत बसायच्या.

एकदा मी शिक्षकी पेशाला जागून त्यांना विचारलं, "चाचा, इंग्रजी येत नाही म्हणता, मग हे सगळं बोलणं तुम्हाला कसं कळलं?"

"कळलंच न्हाई," चाचा जराही न ओशाळता म्हणाले. "म्हणून तर ते माझं. बोलणं माझं, पाह्यलेलं त्याइचं. बोलण्यात म्या काईबी घालीन. पण डोळ्यानं जे पाह्यलं त्याला हात लावायचा न्हाई. ती बेइमानी व्हते."

हा त्यांचा दुसरा नियम. कुणी म्हणालं की यानात त्यांनी भाकरी खाल्ली असेल, तर चाचा मान हलवायचे. "भाकर न्हाई. नळीतून काईतरी पिळून खात व्हते. म्या पाह्यलं." एका पाटलिणीनं सुचवलं की चंद्रावर एखादं देऊळ तरी असू द्या. चाचांनी तिची क्षमा मागितली, पण देऊळ काही बांधलं नाही. आणि धाकटा मरायचाच. बायका हळहळायच्या, कुणी रागानं उठून जायची, चहा द्यायची राहायची, तरी धाकटा मरायचा. मला त्यांच्या या हट्टाचा रागही यायचा आणि मनातून बरंही वाटायचं. चोख माणूस होता.

ज्या घरांच्या उंबऱ्याआत मला एरवी बोलावणं नसायचं, त्या घरांच्या अंगणात मी चाचांच्या सिनेमामुळं बसले, हेही इथंच सांगून टाकते. कापूस सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच बसायचा.

गंगाबाईच्या घरचा खेळ साखऱ्यात सगळ्यांत गाजला. गंगाबाई म्हणजे माझ्या समोरच्या घरातली. नवरा लवकर गेलेला, कोरडवाहू जमीन, आणि किसन हा एकुलता एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी. किसनचं लग्न ठरलं. नव्या सुनेसाठी एक नवी गादी भरायची म्हणून चाचांना बोलावलं. निम्मी गादी भरून झाली, धाकट्यानं कमरेला दोर बांधायला घेतला आणि गंगाबाईच्या लक्षात आलं, की आपल्या घरात उद्या हळद आहे.

"चाचा, थांबा. लग्नघरात तरणं पोरगं मारता काय? आज त्याला जगवा."

"गंगाबाई, माझ्या हातात न्हाई. म्या डोळ्यानं पाह्यलंय."

"मग कवा मरंल त्यो?"

"गादी सपली की."

गंगाबाईनं क्षणभर विचार केला आणि पदर खोचून उठली. स्वतःच्या अंगाखालची गादी आणली, ती उसवली. शेजारणीची आणली. माझी, चाचांनी नुकतीच भरलेली, तीही माझ्या देखत ओढून नेली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या आळीच्या गाद्या त्या अंगणात उसवून पडल्या होत्या. चाचांना तोंड वर करायला सवड नव्हती आणि धाकटा दोर हातात घेऊन चौथ्या सोयरिकीबद्दल बोलत होता. हळद लागली, अक्षता पडल्या. नवरी रुक्मिण माप ओलांडून आत आली, तेव्हा चाचा ओसरीच्या कोपऱ्यात ठोकळा हाणत होते. किसन मुंडावळ्या सोडून थेट त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "चाचा, हाय का अजून?"

"हाय. दोन गाद्या हाइत अजून."

रुक्मिण माहेरी परतणीला गेली त्या दिवशी शेवटचा टाका पडला. धाकट्याचा दिवा लहान होत गेला. गंगाबाई डोळे पुसून म्हणाली, आता गेला तर गेला, आमचं कार्य तर पार पडलं. त्या रात्री आळीतला जो तो टम्म फुगलेल्या गादीवर झोपला.

त्यानंतर दुष्काळाची सालं आली. विहिरी आटल्या आणि जो तो आपल्या विहिरीचा तळ खोल करायच्या मागं लागला. किसनही लागला. सोबत गावातलेच चौघं जण. त्यांत शेषराव म्हणून एक वयस्क गडी होता, त्याचा जन्म विहिरी खोदण्यात गेलेला. एका सकाळी शाळा भरलेली असताना ओरडा झाला. विहिरीची एक बाजू मुरुमासकट खाली आली होती आणि तळाशी किसन होता.

मी मुलांना घरी पाठवून गेले तेव्हा सगळं गाव काठावर होतं. किसन जिवंत होता. दोन मोठे धोंडे एकमेकांना तिरपे अडकले होते आणि त्यांच्या खालच्या बोळकांडीत तो मांडीपर्यंत मातीत रुतून बसला होता. फटीतून त्याचा आवाज येत होता. पण भीतीनं तो पाय ओढायचा, धडपडायचा, आणि तो हलला की वरून माती ढासळायची. शेषराव कमरेला दोर बांधून खाली उतरला होता आणि एकेक टोपलं माती वर देत होता. तो खालून ओरडला, "त्याला गप बसवा! हलला तर वरचा धोंडा त्याच्या डोक्यात यील!"

गंगाबाईनं हाक मारली, "किसना, हलू नको रे लेकरा!" आईचा आवाज ऐकून तो जास्तच धडपडू लागला. रुक्मिण काठावर बसली होती. सरपंचांनी दम दिला, कुणी देवाचं नाव घ्यायला सांगितलं. खालून नुसतं "मला काढा, मला काढा" ऐकू येत होतं. वर्गात चाळीस पोरं गप्प करणारी मी, नुसती उभी होते.

चाचा त्या दिवशी पाटलांकडं गाद्या भरायला आले होते. कापूस अंगभर चिकटलेला, खांद्यावर धुनकी, तसेच ते गर्दीतून पुढं आले. काठावर आडवे झाले, धुनकी विहिरीच्या तोंडावर धरली आणि ठोकळ्यानं तात एकदा वाजवली. टंय्.

खालचा आवाज थांबला.

"किसन," चाचा म्हणाले, "इंजन बंद पडलंय. वरून हुकूम आलाय. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, दम पुरवून घ्यायचा. आयकू येऊन राहिलं का?"

खालून आलं, "व्हय."

आणि चाचांनी सिनेमा सुरू केला. अगदी पहिल्यापासून, तिघं जण यानात चढतात तिथपासून. घाई केली नाही. थोरल्याची बायको भांडली, मधल्याची लेक न्हाली. मधेच चाचा म्हणायचे, "मधला म्हणला, पाय ओढू नको, पाय आपोआप मोकळा व्हतोय," आणि किसन पाय ओढायचा थांबायचा. शेषराव टोपली भरत राहिला, वरची माणसं दोर ओढत राहिली. गंगाबाई एकदा चाचांच्या कानाशी वाकून म्हणाली, "चाचा, आज गादी न्हाई हो. मी काय उसवू?"

चाचांनी उपसलेल्या मातीच्या ढिगाकडं मान केली. "हा ढीग पुरा झाल्याबिगर सपत न्हाई. तुमी बसा."

ऊन डोक्यावर आलं, कललं. चाचांचा घसा बसला. रुक्मिणनं त्यांच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. चौथी सोयरीक झाली, पाचवीही झाली. जवळचं सगळं बोलणं त्यांनी वापरून टाकलं. शेषराव किसनच्या कमरेपर्यंत पोचला होता, पण पाय अजून मोकळे व्हायचे होते आणि धोंड्याला टेकू लावायचा होता. पुढं एकच गोष्ट उरली होती आणि ती सगळ्या गावाला पाठ होती.

खालून किसन म्हणाला, "चाचा, आता त्यो दोर बांधतोय ना?"

चाचांनी मातीच्या ढिगाकडं पाहिलं.

"चाचा, त्याला मारू नका." तीन लग्नघरांनी, दोन पाटलिणींनी आणि एका मास्तरणीनं केलेली विनंती होती ती, पण या वेळी ती विहिरीतून येत होती.

चाचांच्या चेहऱ्याकडं मी बघत होते. तोंडातून शब्द काढायला त्यांना खरोखर तकलीफ होत होती. ते म्हणाले, "दोर..." आणि थांबले. मग म्हणाले, "दोर तुटला न्हाई, किसन. बराबर ऱ्हायला."

माझ्या शेजारी गंगाबाईनं तोंडात पदर कोंबला.

पुढचं चाचांना काही येत नव्हतं. न पाहिलेलं सांगायची सवयच नव्हती. अडखळत अडखळत त्यांनी धाकट्याला यानात ओढून घेतलं, यान वळवलं, समुद्रात उतरवलं. समुद्रही त्यांनी पाहिलेला नव्हता. मग औंढ्याच्या तळ्यासारखाच एक समुद्र केला. धाकट्याला लई तहान लागली होती, म्हणून त्यानं ओंजळ भरून पाणी प्यायलं, असं त्यांनी सांगितलं.

"चाचा," खालून क्षीण आवाज आला, "समुद्राचं पाणी खारट असतंय. बाईनी शिकवलंय."

काठावरची माणसं हसली. दोर ओढता ओढता, डोळ्यांत पाणी असताना हसली. चाचाही हसले आणि म्हणाले, "मग घरी जाऊन प्याला." धाकटा घरी गेला, आईनं शेवया केल्या, लग्न झालं. दिवस मावळायच्या आत किसन वर आला. एक पाय मोडला होता. बाकी माणूस धडधाकट होता.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्या दारात बसले. चहा पुढं तसाच. "मास्तरीणबाई, काल खोटं बोललो म्या. पाह्यलं न्हाई ते सांगितलं."

मी म्हटलं, "चाचा, तुमच्या खोट्यानं माणूस वाचला."

"ते बराबर हाय. त्याची खुशीच हाय. पण आता खरं सांगाया गेलो तर किसन आयकंल. अन् खोटं सांगाया गेलो तर मला सांगता येत न्हाई." त्यांचा प्रश्न खरा होता.

उत्तर त्यांनीच काढलं. पुढच्या दिवाळीला ते साखऱ्याला आले, सिनेमा सांगितला, धाकट्यानं कमरेला दोर बांधला, आणि चाचांनी ठोकळा खाली ठेवला. "इथवर माझं. फुडचं किसनला इचारा." मग किसन अधू पाय लांब करून बसायचा आणि दोर न तुटल्यापासूनचा सिनेमा सांगायचा. चाचा गुपचूप टाके घालायचे. किसन दर वर्षी त्यात भर घालायचा. शेवयांचं जेवणच अर्धा तास चालायचं. बाकीच्या गावांत धाकटा मरत राहिला, साखऱ्यात मात्र त्याला पुढं दोन मुलंही झाली.

आणि मग एके वर्षी तो सिनेमा खरोखरच हिंगोलीला आला. रविवारच्या सकाळच्या खेळाला. कनेरगाव नाक्याला भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर ती तीन माणसं चाचांनी ओळखली आणि निरोप पाठवला. गाव एसटीनं गेलं. गंगाबाई, किसन, रुक्मिण, तिच्या कडेवर लेक, शेषराव, मी. चाचा औंढ्याहून परस्पर आले, धुनकीसकट. थेटरवाल्यानं ती बाहेर ठेवायला लावली.

पडद्यावर तिघं जण बोलायला लागले तसा गंगाबाईचा विरस झाला. "हे काहून असं बोलून राहिले? थोरल्याची बायको कुठाय?" सिनेमा भराभर पुढं सरकत होता. ना सोयरीक, ना भांडण. इंजिन बंद पडलं, हवा संपत आली. धाकट्यानं दोर बांधला. रुक्मिणनं लेकीचे डोळे झाकले. किसननं पुढच्या खुर्चीचा दांडा धरला. दोर तुटला. थोरला आणि मधला घरी पोचले, धाकट्याचा दिवा लहान लहान होत गेला आणि थेटरातले दिवे लागले.

साखऱ्याचं कुणी उठलं नाही. गंगाबाई म्हणाली, "बसा रे. निम्माच झालाय."

मॅनेजर आला. सिनेमा संपला, खुर्च्या रिकाम्या करा, म्हणाला. शेषराव उभा राहिला. "सपला कसा? त्यो वाचतोय. समुद्रात पडत्यात. तुमी कापलाय सिनेमा."

"क्या काटा? कुछ नहीं काटा. इतनाच है."

"आमी पुरा पाह्यलाय!" गंगाबाई कडाडली.

"किधर देखा?"

"घरी!"

मॅनेजर डोक्याला हात लावून माझ्याकडं बघायला लागला. गर्दीत तेवढी मीच त्याला शहाणी दिसत असावी. मी नजर वळवली. शेवटी तो वैतागून म्हणाला, की तुमच्यापैकी एका तरी माणसानं हा सिनेमा याआधी थेटरात पाहिला आहे का? सगळ्यांनी लतीफचाचांकडं पाहिलं.

चाचा शेवटच्या रांगेत होते. ते सावकाश उठले. साऱ्या गावासमोर खरं सांगायची वेळ आली होती, आणि खोटं त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी किसनकडं पाहिलं. त्याच्या लंगड्या पायाकडं, रुक्मिणच्या कडेवरच्या लेकीकडं पाहिलं.

"फुडचं हाय," चाचा म्हणाले. "म्या डोळ्यानं पाह्यलंय. साखऱ्याच्या हिरीवर पाह्यलं. दोर तुटत न्हाई."

आणि धुनकी घ्यायला बाहेर गेले. त्यांचा आवाज स्वच्छ होता. कुठंही अडखळला नाही. भांडण तिथंच मिटलं, कारण साखऱ्याच्या माणसांना आणखी काही ऐकायचं उरलंच नव्हतं.

स्टँडवर औंढ्याची गाडी आधी लागली. धुनकी आत घ्यायची की टपावर टाकायची, यावरून चाचांची कंडक्टरशी बराच वेळ हुज्जत चालली. अखेर ती आडवी धरून ते मागच्या सीटवर बसले. पुढं माझी बदली झाली आणि ते मला पुन्हा दिसले नाहीत. गाडी हलली तशी गंगाबाई खिडकीपाशी धावली.

"चाचा, दिवाळीला या बरं का! गाद्या उसवून ठेवते!"

"येतो," चाचा म्हणाले.

तिच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांनीच गेल्या दिवाळीला नव्यानं भरलेल्या होत्या.